गुण नसलेलं प्रगतिपुस्तक

२० ऑगस्ट १९७८, नागपूर

सीताबर्डीवर स्वेटर शोधले. ऑगस्टात स्वेटर मागितला की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग छताच्या पंख्याकडे. तिसऱ्या दुकानात माळ्यावरून दोन निघाले, डांबरगोळ्यांच्या वासाचे. दुकानदार म्हणाला, "कोन्त्या गावाले चालली पोट्टी?" बाबा म्हणाले, "स्कॉटलंडले." काटोलच्या थोडं पुढे असावं तसं.

डॉक्टरीणबाईंचं पत्र बाबांच्या खिशातच असतं, घड्यांवर फाटत आलंय. तीस वर्षं नागपुरात बायकांचा दवाखाना चालवला त्यांनी. माझा जन्मही त्यांच्याच हातचा. रिटायर होऊन आपल्या गावी गेल्या तेव्हा बाबांना म्हणाल्या होत्या, पोरीला विसरणार नाही. विसरल्या नाहीत. त्यांच्या गावात मुलींची निवासी शाळा आहे, दर वर्षी एक जागा परदेशी मुलीला. यंदा मी. आधी एक वर्ष, जमलं तर आणखी एक.

बाबांचं पक्कं आहे. मी डॉ.बाईंसारखी डॉक्टरीण होणार, कळमेश्वरला दवाखाना टाकणार. मी हो म्हटलं. मला कोणी काही सांगितलं की मी हो म्हणते, मग पाठ करते.

२७ ऑगस्ट, गाव

वसतिगृहातली पेटी घेऊन गावी आले. सहा वर्षं त्या खोलीत काढली, निघताना मागे वळून बघायचं राहूनच गेलं.

माय जवस भाजत होती, चटणीसाठी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथं तुह्याशी कोन बोलन वं?"

"सगळे इंग्रजीत बोलतात. मीही बोलेन."

"थे नाई म्हटलं मी. तुह्याशी कोन बोलन म्हटलं."

जवस तडतडत राहिली.

संध्याकाळी बागेत. संत्री अजून हिरवी, पानांत दिसत नाहीत, हात लागला की कळतात. पिकतील तेव्हा मी नसेन. असा विचार करताना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. झाडं आणि मी, दोघंही कोणीतरी सांगितलेल्या गोष्टीतले, असं काहीतरी...

४ सप्टेंबर, विमानात

खाली ढग. जिनिंगच्या अंगणात रुई अशीच पसरलेली असते, फक्त तिच्यावर बायका बसलेल्या असतात. इथे कोणी नाही. खूप वेळ बघितलं, कोणी येईल म्हणून.

८ सप्टेंबर, शाळा

चार खाटांची खोली. खिडकीबाहेर समुद्र. पहिल्यांदा पाहिला, पण पाहिला म्हणता येत नाही, धुकं होतं. धुक्यात काहीतरी मोठं श्वास घेत होतं, त्याला सगळ्या जणी समुद्र म्हणत होत्या.

शेजारच्या खाटेवर हेदर. उत्तरेकडे डोंगरात तिच्या बाबांच्या मेंढ्या आहेत. तिचं इंग्रजी मला कळत नाही, माझं तिला. दोघी हळूहळू बोलतो, आजारी माणसाशी बोलावं तसं.

वर्गात मिसेस रे आल्या तेव्हा मी उभी राहिले. एकटीच. त्या म्हणाल्या, "कुठे निघालीस?" सगळ्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं.

काळबांडे हे माझं आडनाव कोणालाच म्हणता येत नाही. ळ त्यांच्या तोंडात बसत नाही. मंदाचं मॅन्डा झालं. ही मॅन्डा कोण ते बघू.

सकाळी ओटची लापशी, मीठ घालून. डोळे मिटून खाल्ली की आंबील.

१७ सप्टेंबर, रविवार

डॉ.बाईंकडे गेले. शाळेपासून बंदराच्या रस्त्याने दहा मिनिटं. दारातच म्हणाल्या, "काहून वं, इतकी वाळून गेली? जेवाले नाई देत का?"

मी पायरीवरच थांबले. पांढरे केस, करडा स्कर्ट, मागे ओली दगडी गल्ली, आणि तोंडात आमच्या घरचं बोलणं. वसतिगृहात पहिल्या महिन्यात मुली माझ्या मले-तुलेला हसल्या होत्या. मी दोन महिन्यांत ते धुऊन टाकलं होतं. म्हणून म्हटलं, "नाही, जेवण व्यवस्थित मिळतं."

"व्यवस्थित," त्यांनी माझ्यासारखं म्हणून दाखवलं. "हे कोनाचं बोलनं आनलं? मले तं दवाखान्यातल्या बायायनं शिकवलं. बाळंत होता होता."

वाटाण्याच्या डाळीचं वरण केलं होतं त्यांनी. हिरवी मिरची नव्हती, मिरपूड घातली. मी तीनदा भात घेतला. निघताना म्हणाल्या, "दर रविवारी येजो. मले बी कोनी बोलाले पाह्यजे."

२ ऑक्टोबर

इथे काही लिहून देत नाहीत. तास संपतो आणि वही कोरी. रेबाई शास्त्र शिकवतात. आज टेबलावर बटाटा ठेवला, कापला, म्हणाल्या, काय दिसतं. मुली काहीही सांगतात, चुकीचंसुद्धा, आणि त्या "बरं, आणखी?" म्हणतात. मला विचारलं. मी म्हटलं, "बटाटा." त्या म्हणाल्या, "बरं, आणखी?" आणखी काय असतं ते पुस्तकात होतं आणि पुस्तक बंद होतं.

भीती वाटते. मग नागपूरचा उपाय सुरू केला. मागच्या भिंतीलगत फेऱ्या मारत रोज चार पानं पाठ. इंग्रजी वाक्यं मोडून आपली करता येत नाहीत, म्हणून आख्खीच उचलते. भिंतीवर ओलं शेवाळ आहे. हृदयाचा धडा आता शेवाळाच्या वासाचा झालाय.

१९ ऑक्टोबर

शास्त्राचा पेपर. हृदयच आलं. पाच पानं लिहिली. एक स्वल्पविरामही सुटला नाही. बाहेर आले तर धुकं उठलेलं, समुद्र पूर्ण उघडा. पहिल्यांदाच. हिरवा, करडा, मग नाव नसलेला रंग. घरी पत्र लिहिलं: पेपर छान गेला.

२३ ऑक्टोबर, सोमवार

तासानंतर रेबाईंनी थांबवलं. एका हातात माझा पेपर, एका हातात पुस्तक. दोन्ही शेजारी ठेवले. "हे कसं झालं ते मला सांग."

मला वाटलं शाबासकी. म्हटलं, "मी खूप मेहनत केली."

त्या अगदी हळू म्हणाल्या, "पुस्तक मांडीवर होतं का?"

मांडी हा शब्द इंग्रजीतून मराठीत यायला वेळ लागला. आला तेव्हा कान तापले. नाही म्हणायच्या आधीच मी दाराबाहेर होते.

उद्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत. डॉ.बाईंनाही बोलावलंय, इथल्या पालक म्हणून. खरं निघालं तर परत पाठवतात. हेदर तिच्या घरून आलेल्या केकचा तुकडा माझ्या उशीजवळ ठेवून गेली.

बाबांना काय सांगायचं. बाबांनी सगळ्या गावाला...

२४ ऑक्टोबर

लिहून ठेवते, नाहीतर स्वप्न होतं असं वाटेल.

मोठी खोली, भिंतीवर चौकटींत मेलेल्या मुख्याध्यापिका. डॉ.बाई कोपऱ्यात, हातमोजे मांडीवर. मी म्हटलं, "मी म्हणून दाखवू?" कोणालाच कळलं नाही काय म्हणून दाखवणार. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. पान एकशे बारा. हृदय हा स्नायूंचा पोकळ अवयव असून. एकशे तेरा, एकशे चौदा. आकृतीखालच्या ओळी. आकृती नऊ पाहा, हेही म्हटलं. पान उलटायच्या जागी थांबले, तिथे थांबायची सवय आहे म्हणून. धडा संपला तरी पुढच्या धड्याच्या दोन ओळी तोंडातून गेल्या.

डोळे उघडले तर रेबाईंचा चेहरा पांढरा. उठून माझ्याजवळ आल्या. "मी तुझ्यावर अन्याय केला. मला माफ कर." शिक्षिका विद्यार्थिनीला असं म्हणतात हे मी कधी ऐकलं नव्हतं. उभं राहायचं की बसायचं कळेना.

मग त्यांनी पुस्तक मिटलं. "आता एक सांग. तू हातांवर उलटी उभी राहिलीस, तर डोक्यात गेलेलं रक्त परत वर कसं चढेल?"

मी म्हटलं, "ते पुस्तकात नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच विचारते."

डॉ.बाई फाटकाशी म्हणाल्या, "पोपट बरा, त्याले समुद्रापार पाठवा लागत नाई." आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. रागावल्या होत्या की नाही, कळलं नाही. दोन्ही असेल.

१२ नोव्हेंबर

घरी लिहिलं: सगळं ठीक. थंडी आहे. स्वेटर चांगले आहेत.

दुपारी चारला अंधार. घंटा, जेवण, घंटा. एखादे वेळी जिन्यात थांबते आणि आपण वर चाललो होतो की खाली, ते आठवत नाही. नागपूरचं ऊन आठवायचा प्रयत्न करते. ऊन आठवत नाही, उन्हात डोळे कसे बारीक व्हायचे ते आठवतं.

३ डिसेंबर

स्वप्नात माय इंग्रजी बोलत होती. अगदी सहज, चुलीसमोर बसून. स्वप्नात वाईट वाटलं नाही. जागी झाल्यावर वाटलं.

डॉ.बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माह्या स्वप्नात माही आई मराठी बोलते. मेली तेव्हा मी नागपुरात होती. तिले एक शब्द मराठी येत नव्हता." मग चहा ओतला.

त्यांच्याशी बोलताना आज माझ्या तोंडून "मले" गेलं. त्यांनी लक्ष न दिल्यासारखं केलं.

१४ जानेवारी १९७९

संक्रांत. डॉ.बाईंकडे तीळ नव्हते, ओट भाजून गुळासारख्या कशात तरी वळले. दात अडकले.

रेबाईंनी मला वेगळं काम दिलंय. बंदराच्या पायऱ्यांशी काळा खडक आहे. भरतीचं पाणी त्याला रोज किती वाजता शिवतं ते जाऊन बघायचं, लिहायचं. पुस्तक नाही. विचारलं, किती दिवस? म्हणाल्या, "तुला काही दिसेपर्यंत."

२१ जानेवारी

पाणी रोज उशिरा येतं. साधारण पन्नास मिनिटं. कधी कमी, कधी जास्त. हे मला कोणी सांगितलेलं नाही. रेबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं, आणखी?" पण हसल्या.

खडकाजवळ उभी असते तेव्हा काही आठवत नाही. पाठ केलेलं सगळं ओसरतं. पाणी येतं, खडकाला जीभ लावतं, मागे जातं, पुन्हा. मग एकदा मागे जात नाही. ती वेळ लिहायची. ती नेमकी कधी ते कळायला नजर लागते. पहिले दोन-तीन दिवस मी घाईत लिहीत होते. आता वाट बघते. वाट बघताना मी इथलीही नसते, तिथलीही नसते. बरं वाटतं.

१५ फेब्रुवारी

दोन दिवस भयंकर वारा. कालही नाही गेले, आजही नाही. खोली तापवणाऱ्या रेडिएटरला पाठ लावून बसले. वेळ काय, पन्नास-पन्नास मिनिटं मिळवायची. मिळवली. दोन ठिपके वहीत घातले. अगदी रेषेवर बसले.

२५ फेब्रुवारी

रेबाईंनी माझा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावला. मोठा कागद, सहा आठवड्यांचे ठिपके. म्हणाल्या, हे मंदाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. हल्ली त्या मॅन्डा म्हणत नाहीत, प्रयत्न करून मंदा म्हणतात. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी बंदरावर गेले तर जाळी विणणारा म्हातारा म्हणाला, मागच्या वादळात पाणी अर्धा तास आधीच चढलं, वाऱ्याने ढकलून आणलं, त्याची दोन दोरखंडं नेली.

म्हणजे माझे दोन ठिपके जिथे आहेत तिथे पाणी नव्हतं. कोणालाच माहीत नाही. ठिपके छान दिसतात.

११ मार्च

दोन आठवडे झाले. तक्त्याखालीच माझं बाक. मान वर केली की तेच.

ऑक्टोबरात मी काही केलं नव्हतं तेव्हा सगळ्यांना संशय. आता केलंय तर टाळ्या. रेबाईंनी माफी मागितली होती माझी. त्या माफीवर मी हे...

डॉ.बाईंना सांगितलं. वाटलं त्या काहीतरी सांगतील. त्या बटाटे सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले काहून सांगून राहिली? भिंत माही हाये का?"

१२ मार्च

सांगितलं. तास सुरू व्हायच्या आधी. "चौदा आणि पंधरा तारखेला मी गेले नव्हते. हिशोबाने भरलं." आवाज माझा नव्हता, दुसऱ्या खोलीतून येत होता.

रेबाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं तक्ता काढतील. त्यांनी लाल पेन्सिल दिली. "त्या दोन ठिपक्यांवर लिही, मी इथे नव्हते."

सगळ्यांसमोर खुर्चीवर चढून लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तक्ता तसाच भिंतीवर राहिला. हेदरने खुर्ची धरली होती.

उतरल्यावर रेबाई म्हणाल्या, "वारा पाणी किती आधी आणतो, हे बघायला आवडेल का तुला?" मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर लक्षात आलं की हा हो वेगळा होता.

१८ एप्रिल, हेदरचं घर

सुट्टी. डोंगर, नुसते डोंगर, आणि कोकरं. एकाची आई मेली, ते चुलीजवळ पेटीत ठेवलंय. हेदरची आई त्याला बाटलीने पाजते आणि माझ्याशी बोलते, तिचं बोलणं हेदरपेक्षा अवघड. माझ्या लक्षात आलं, हेदर शाळेत वेगळं बोलते, घरी वेगळं. विचारलं. लाजली. म्हणाली, पहिल्या वर्षी मुली हसल्या होत्या.

मी तिला मले, तुले, त्याले शिकवलं. रात्रीपर्यंत कोकराला "तुले भूक लागली का" विचारत होती.

१० जून

वाऱ्याच्या नोंदी तीन महिन्यांच्या झाल्या. पश्चिमेचा वारा असला की पाणी उशिरा, पूर्वेचा असला की लवकर. नेहमी नाही. का नाही ते माहीत नाही. हे "माहीत नाही" इथे वहीत लिहिता येतं. शेवटच्या पानावर तेच लिहिलं.

आता उजाडतं पहाटे चारला, मावळतं रात्री दहाला. झोप कुठे सुरू होते कळत नाही.

२९ जून

प्रगतिपुस्तक मिळालं. गुण नाहीत. नंबर नाही. प्रत्येक विषयाला चार-पाच ओळी, त्या त्या बाईंच्या अक्षरात. रेबाईंचं आख्खं पान. सोबत मुख्याध्यापिकांचं पत्र: दुसऱ्या वर्षासाठी जागा आहे, पालकांच्या सहीचं उत्तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोचावं.

डॉ.बाईंना निरोप द्यायला गेले. त्यांनी बाबांसाठी लोकरी मफलर दिला, मायसाठी चष्म्याची डबी. म्हणाल्या, "तुह्या मायनं मले सांगतलं होतं, पोरगी शिकली पाह्यजे. बापानं नाई. बाप मागून बोलला." हे मला माहीत नव्हतं.

येशील का परत, असं विचारलं नाही. खिडकीतून पाणी दिसत होतं, ओहोटीचं.

५ जुलै, गाव

बसमधून उतरले तर बागेत संत्र्यांना मृगाचा मोहर. वासाने पाय थांबले. बाबांनी पेटी उचलली, मायने तोंडावरून हात फिरवला आणि लगेच आत गेली.

सगळं आहे तसंच, फक्त थोडं लहान. की मी अजून झोपेत. पाणी प्यायले, विहिरीचं. गोड. किती वाजता शिवलं ते बघायची सवय हात सोडत नाही.

मायशी बोलताना "मले" आपोआप. तिने भाकरी थापता थापता वर पाहिलं.

१२ जुलै, नागपूर

बाबांसोबत कॉलेजात, अकरावी सायन्सच्या प्रवेशासाठी. खिडकीत बसलेल्या बाबूने प्रगतिपुस्तक उलटंसुलटं केलं.

"मार्क कुठं हायेत?"

"नसतात तिथे."

"टक्के?"

"नाहीत."

"मंग हे तं पत्र हाये, ताई. मार्कशीट आना." वाईट माणूस नव्हता, बाबांना पाणी दिलं. म्हणाला, तिकडचं वर्ष इथं धरता येत नाही, दहावीच्या मार्कांवर अकरावी पहिल्यापासून करा. पंचवीसपर्यंत फॉर्म.

बसमध्ये बाबा खिडकीकडे बघत होते. फेटरी गाव मागे पडल्यावर म्हणाले, "कितवी आली तू तिथं?"

"तिथं नंबर नसते बाबा."

"मंग मी काय सांगू लोकायले?"

१३ जुलै

दुपारी ओसरीवर बाबा म्हणाले, "वाच. मराठीत करून सांग. सगळं."

वाचलं. इतिहास, इंग्रजी, शिवण. माय बाजूला डाळ निवडत होती. मग रेबाईंचं पान. मंदाची स्मरणशक्ती विलक्षण आहे. सुरुवातीला तिच्यावर खोटा आळ घेतला, तो माझा दोष. बाबांनी मान वर केली. आळ कसला? ते सगळं सांगावं लागलं. एवढ्या महिन्यांत पत्रात एक शब्द नव्हता.

पुढची ओळ फेब्रुवारीची. मराठीत मीच करत होते, गाळली असती तर कोणाला कळलं असतं. इंग्रजी घरात मलाच येतं. वाऱ्याने कागद फडफडला, अंगठा ठेवला.

वाचलं. फेब्रुवारीत तिने दोन दिवसांच्या नोंदी न पाहता भरल्या. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तिने स्वतः येऊन सांगितलं. ती चांगली डॉक्टर होईल का, हे मी सांगू शकत नाही. ती आता पाहते आणि विचारते. समुद्राचा अभ्यास ती पुढे करू इच्छित असेल तर मला आनंद होईल.

"म्हंजे फसवलं तू," बाबा म्हणाले.

"हो."

आणि बाबा चपला घालून बागेकडे गेले.

माय डाळ निवडतच होती. थोड्या वेळाने म्हणाली, "पानी तिकडं चढते म्हनते तू. मंग इकडं कोनाचं उतरते?"

मी म्हटलं, दुसऱ्या किनाऱ्याचं. मग चंद्राचं सांगितलं, येतं तेवढं. ती म्हणाली, "मंग आपल्या हिरीचं काहून नाई चढत? चंद्र तं हितं बी हाये."

विहीर लहान म्हणून, असं वाटतं. खात्री नाही. रेबाईंना लिहून विचारलं पाहिजे. पन्नाशीच्या घरातली माझी माय, अंगठा उठवते, आणि हा प्रश्न मला अख्ख्या वर्षात सुचला नाही.

१७ जुलै

बाबा चार दिवस बोलले नाहीत. बागेत पाणी, फवारणी, जेवण. मी मोहराखाली बसते. वारा आला की फुलं वहीवर पडतात, उचलत नाही. इथे बसलं की तिथलं खरं वाटत नाही, तिथे उभी असताना इथलं वाटत नव्हतं. दोन्ही खरी असतील तर मी कुठे...

मायला विचारलं, तू डॉ.बाईले सांगतलं होतं का, पोरगी शिकली पाह्यजे म्हनून? ती म्हणाली, "हो. पन किती, थे नव्हतं सांगतलं."

१९ जुलै

आज मारुतीच्या पारावर काय झालं ते मायने सांगितलं, तिला शेजारच्या काकूंनी. बाबांना कोणी विचारलं, "पोरगी काय करून आली गा?" बाबा म्हणाले, "तिनं एक लबाडी केली तिथं. कोनालेच मालूम नव्हती. पोरीनं सोताहून सांगतली, अन् मास्तरणीनं थे प्रगतिपुस्तकात लिवली. माह्या घरात असं पुस्तक हाये."

लोक म्हणे एकमेकांकडे बघत राहिले.

मी मागच्या दाराने बागेत गेले. बराच वेळ आलेच नाही.

२१ जुलै

जेवण झाल्यावर बाबांनी दोन्ही कागद मागितले, कॉलेजचा फॉर्म आणि शाळेला पाठवायचं उत्तर. दोन्हींवर सही केली, सावकाश, नावातलं एकेक अक्षर काढत. माझ्यासमोर ठेवले.

"मले दवाखाना पाह्यजे होता," म्हणाले. "आताबी पाह्यजे. मी खोटं नाई बोलत. पन सही मी दोन्हीवर केली. एक टाकजो, एक फाडजो. कोन्ता थे मले आधी सांगू नोको."

माय म्हणाली, "अन् तिकडं दोन वर्सं वाया गेली तं?"

"तं गेली."

"मंग दवाखाना?"

बाबा पाणी प्यायला उठले.

मायने ताटं गोळा केली. माझ्या ताटात एक घास राहिला होता, तो तिने उभ्या उभ्या खाल्ला.

२२ जुलै, रविवार

दिवसभर काही ठरलं नाही. खरं तर दोनदा ठरलं, दोन वेगवेगळ्या गोष्टी. सकाळी वाटलं, दवाखाना हे काय फक्त बाबांचं आहे, मायला तिसऱ्या बाळंतपणाच्या वेळी बैलगाडीतून नागपूरला नेलं होतं, ते बाळ राहिलं नाही, ते मी का विसरते. दुपारी पडल्या पडल्या डोळे मिटले तर खडक, पाणी अजून चार बोटं दूर, आणि मला जागेवरून हलता येईना, हलायचंही नव्हतं.

उद्या सकाळच्या बसने नागपूर. मी आणि माय. बाबा म्हणाले, तुम्ही दोघी जा. मायने लुगडं काढून ठेवलंय, हिरवं, लग्नाकार्याचं. मी म्हटलं, एवढं कशाला. म्हणाली, "पोरीचा कागद टाकाले चालली मी."

दोन्ही लिफाफे पिशवीत, एकही फाडलेला नाही. तिने विचारलं, "उतरल्यावर आधी काय लागते वं? कालेज का पोस्ट?"

"पोस्ट."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवीचं तोंड बांधलं.